पहिली गेम कुठल्या भाषेत?

मोरगावातली पोरं विचारतात, "दादा, गेम बनवायचीये, सी प्लस प्लसच शिकू ना?" कारण पुण्याच्या नॉडिंग हेड्सची 2020 ची 'राजी' अनरियल इंजिनवर बनलीये, अन् अनरियलची भाषा तीच. खरंय. पण चार जीबी रॅमच्या जुन्या लॅपटॉपवर अनरियल उघडतानाच दमतं!

मी म्हणतो, गोडो घ्या. फुकट, ओपन सोर्स, डाउनलोड शंभर एमबीच्या आत. नवीन प्रोजेक्ट करताना रेंडरर 'कम्पॅटिबिलिटी' निवडा, म्हणजे जुनं ग्राफिक्सही चालतं. त्याची जीडीस्क्रिप्ट पायथनसारखीच दिसते. युनिटी अन् सी शार्प वाईट नाही, पण ते नंतर. आधी एक चेंडू भिंतीवर आपटवा, स्कोअर वाढवा. जमलं की पाठवा, खेळून बघतो.