मागच्या गाडीचा ब्रेक

पुण्याहून बाहेर पडावयाचें म्हटलें कीं एखादा घाट बहुधा आडवा येतोच. मुंबईकडे बोरघाट, साताऱ्याकडे कात्रज आणि खंबाटकी, कोकणांत उतरावयाचें तर ताम्हिणी किंवा वरंधा. सोलापूरचा रस्ता तेवढा सरळ. मोटार चालविणारा मनुष्य चढाची चिंता करतो, आणि इंजिनांत जोर आहे असें दिसलें कीं निश्चिंत होतो. वास्तविक चिंता करावयाची ती उताराची, आणि मोटारीच्या मागें दुसरी गाडी जोडलेली असेल तर दुप्पट.

अशी गाडी जोडण्याचे प्रसंग आतां पूर्वीइतके विरळ राहिलेले नाहींत. महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं कॅराव्हॅन पर्यटनाचें धोरण जाहीर केलें, आणि चाकांवरचें घर ही कल्पना आपल्याकडील कुटुंबांच्या बोलण्यांत येऊं लागली. कोणी होडी नेतो, कोणी घोडा. परदेशीं स्थायिक झालेल्या आपल्या मुलांच्या दारांत तर ट्रेलर ही नित्याची वस्तु असते, आणि सुटींत तेथें गेलेल्या आईवडिलांना त्यांतून प्रवास करण्याचा योग येतो. म्हणून या मागच्या गाडीला थांबवावयाचें कसें, आणि त्यासाठीं विजेच्या ब्रेकचा नियंत्रक कसा निवडावा व कसा बसवावा, याचा आज थोडा विचार करूं.

मूळ अडचण बैलगाडीवाल्याला पूर्वापार ठाऊक आहे. चढावर बैल गाडी ओढतात. उतारावर गाडी बैलांना ढकलते. सारें ओझें जुंवावाटे मानेवर येतें, आणि बैल पाय रोवून मागें रेटा देतात. मोटारीचें तेंच आहे, फरक इतकाच कीं मोटार मान हलवून तक्रार करीत नाहीं. ट्रेलरला स्वतःचा ब्रेक नसेल तर त्याचा सारा भार मोटारीच्या चार चाकांनीं थोपवावयाचा असतो. रस्ता सरळ असेल तर थांबण्याचें अंतर वाढतें, एवढ्यावरच निभावतें. वळण असेल, रस्ता ओला असेल, तर मागची गाडी पुढच्या गाडीला आडवी ढकलते आणि दोन्ही मिळून चाकूच्या पात्यासारख्या मिटतात.

हा भार केवढा, याचा एक हिशेब सांगतों. खंडाळ्याहून खोपोलीपर्यंत सुमारे ५५० मीटर खालीं उतरावें लागतें. १५०० किलोग्रॅम वजनाचा ट्रेलर एवढा उतरला कीं जी शक्ति मोकळी होते, तिनें चोवीस लिटर थंड पाण्याला उकळी आणतां येईल. यांतील कांहीं भाग वाऱ्यांत व चाकांच्या घर्षणांत जातो. इंजिन खालच्या गियरमध्यें असेल तर पुष्कळसा भाग तेंही पचवितें. उरलेली सारी उष्णता ब्रेकच्या ड्रममध्यें शिरते. म्हणून प्रश्न केवळ पाय दाबण्याचा नाहीं. ही उष्णता किती ड्रममध्यें वांटली जाते, याचा आहे.

आगगाडीवाल्यांनीं हा धडा याच बोरघाटांत गिरविला. १८६३ सालीं घाटांतून लोहमार्ग सुरू झाला, तेव्हां त्याचा सर्वांत तीव्र चढ सदतिसास एक असा होता. अशा उतारावर एकट्या इंजिनाच्या ब्रेकवर भरंवसा ठेवून भागत नाहीं. डब्याडब्याला ब्रेक हवा, आणि तो एकाच वेळीं लागला पाहिजे. शिवाय गाडी सुटलीच तर तिला चढावर वळवून थोपविणाऱ्या सायडिंगाही घाटांत बांधल्या गेल्या. पुढें १९३० च्या सुमारास पुण्यापर्यंत वीज आली, आणि मालगाड्यांच्या नव्या इंजिनांना उतारावर आपल्याच मोटरींतून वीज निर्माण करून ती वरच्या तारेंत परत देण्याची युक्ति साधली. आजही घाट उतरणाऱ्या गाड्या मंकी हिल, ठाकूरवाडी अशा ठिकाणीं केवळ ब्रेकच्या खात्रीसाठीं थांबतात. खिडकींत बसलेले प्रवासी त्या थांब्यावर चरफडतात. त्यांनीं चरफडूं नये.

रस्त्यावर मात्र हा धडा आपण अर्धाच घेतला आहे. उसाच्या हंगामांत पुणें, सातारा, सांगली, कोल्हापूर या भागांत एकेका ट्रॅक्टरच्या मागें दोन दोन ट्रॉल्या चाललेल्या आपण पाहतों. त्यांतील पुष्कळ ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेक नसतो. ट्रॅक्टरचा ब्रेक बहुधा मागच्या दोनच चाकांना, आणि शेतांत वळणें सोपें व्हावें म्हणून डाव्याउजव्या चाकाचें पेडल निरनिराळें. रस्त्यावर येतांना हीं दोन पेडलें एकत्र अडकवावीं लागतात. तें विसरलें आणि एकच दाबलें गेलें, तर मागून टनावारी ऊस रेटीत असतांना ट्रॅक्टर कोणीकडे वळेल तें सांगावयास नको. कारखान्याच्या वाटेवर राहणाऱ्यांना हें चित्र परिचयाचें आहे, आणि परिचयामुळेंच त्याचें भय वाटेनासें झालें आहे.

आतां विजेच्या ब्रेककडे वळूं. युरोपांत हलक्या ट्रेलरांना बहुधा रेट्याचा ब्रेक असतो: पुढची गाडी मंदावली कीं मागची तिच्यावर रेलते, जोडणीची दांडी आंत सरकते आणि तीच ब्रेक ओढते. रचना साधी आणि स्वस्त. परंतु चालकाच्या हातीं त्यांत कांहींच नाहीं. अमेरिकेंत व ऑस्ट्रेलियांत विजेचा ब्रेक रूढ आहे. ऑस्ट्रेलियांत २००० किलोग्रॅमच्या वरच्या ट्रेलरला सर्व चाकांवर ब्रेक आणि ट्रेलर तुटून निघाल्यास तो आपोआप लागण्याची सोय, हीं दोन्हीं सक्तीचीं आहेत. आपल्याकडे हें सामान अद्याप दुकानोंदुकानीं मिळत नाहीं, आणि म्हणूनच घेणाऱ्यानें तें समजून घेतलेलें बरें.

ड्रमच्या आंत एक लहान विद्युच्चुंबक असतो. त्यांत प्रवाह सोडला कीं तो फिरत्या ड्रमच्या आंतल्या पृष्ठास चिकटूं पाहतो, ड्रमबरोबर थोडा ओढला जातो आणि एक दांडी फिरवितो. ती दांडी ब्रेकचे शू बाहेर दाबते. म्हणजे चुंबक स्वतः गाडी थांबवीत नाहीं, तो फिरत्या चाकाचाच जोर वापरून घेतो. प्रवाह जितका अधिक, तितकी पकड अधिक. हा प्रवाह केव्हां आणि किती सोडावयाचा, हें ठरविणारी चालकापुढची लहानशी पेटी म्हणजे नियंत्रक.

नियंत्रकाच्या मुख्य जाती दोन. पहिली काळावर चालणारी: पेडल दाबल्यावर ठरलेल्या गतीनें प्रवाह वाढत जातो, मग आपण पेडल हळूच दाबलेलें असो कीं जीव मुठींत धरून. दुसरी प्रमाणावर चालणारी: मोटार किती झपाट्यानें मंदावत आहे हें तिच्यांतील मापक ओळखतो आणि त्याच प्रमाणांत ट्रेलरचा ब्रेक लावतो. पहिली स्वस्त आहे. सपाट मुलखांत, कधीं काळीं ट्रेलर नेणाऱ्याला ती पुरेल. परंतु ज्याला पुण्यांत राहावयाचें आहे त्यानें दुसरीच घ्यावी, असें माझें स्पष्ट मत आहे. घाटांत प्रत्येक वळणावर लागणारा ब्रेक वेगळा असतो, आणि पहिल्या जातीला तो भेद कळत नाहीं.

निवडतांना आणखी दोन गोष्टी पाहाव्या. चाकें किती? सामान्यतः प्रत्येक चुंबकाला पूर्ण जोरावर ३ ते ४ अँपिअर प्रवाह लागतो; तेव्हां दोन ब्रेकांच्या ट्रेलरला ६ ते ८, चार ब्रेकांच्या ट्रेलरला १२ ते १६. नियंत्रकाची क्षमता याहून कमी नसावी. दुसरें, वीज किती व्होल्टची? हे चुंबक १२ व्होल्टचे असतात, आणि मोटारीची बॅटरीही तीच. परंतु ट्रक व बसगाड्यांची वीज २४ व्होल्टची असते. ट्रकामागें हा ट्रेलर तसाच जोडला तर चुंबक जळून जाण्याची भीति आहे.

बसविण्याचें काम एका दिवसाचें आहे, पण घाईचें नव्हे. आरंभीं बॅटरीची ऋण तार सोडावी. पेटी अशा जागीं असावी कीं चालकाचा हात सहज पोंचेल, गुडघा आपटणार नाहीं आणि एअरबॅगच्या वाटेंत ती येणार नाहीं. मापक लंबकाचा असेल तर पेटी गाडीच्या दिशेशीं सरळ व उत्पादकानें सांगितलेल्या कोनांतच बसली पाहिजे. वांकडी बसली तर तिचें माप चुकतें. तारा चार. बहुतेक उत्पादकांच्या पद्धतीप्रमाणें काळी तार बॅटरीच्या धन टोंकापासून, मध्यें २० किंवा ३० अँपिअरचा सर्किट ब्रेकर घालून. पांढरी थेट ऋण टोंकास. तांबडी ब्रेकच्या दिव्याच्या स्विचला, तीही पेडल दाबल्यावरच जिच्यांत वीज येते त्या बाजूस. आणि निळी मागें ट्रेलरच्या प्लगपर्यंत. रंगांवर विसंबूं नये. पेटीबरोबरची पुस्तिका वाचावी आणि टेस्टरनें पाहावें. अलीकडच्या मोटारींत दिव्यांचा कारभार संगणकाच्या हातीं असतो. तेथें तारा कापण्यापूर्वीं त्या मोटारीसाठीं तयार जोडणी मिळते कीं काय याची चौकशी करावी.

दोन चुका कारागिरांच्या हातून वारंवार होतात. एक, बारीक तार वापरणें. लांब आणि बारीक तारेंत व्होल्ट गळतात, चुंबक दुबळा पडतो, आणि पेटीवरचा आंकडा मात्र सारें ठीक असल्याचें सांगत राहतो. दुसरी, ट्रेलरच्या अर्थची तार न जोडतां जोडणीच्या लोखंडी गोळ्यावर विसंबणें. त्या गोळ्यावर वंगण असतें, गंज असतो. खड्ड्यागणिक तेथला संपर्क तुटतो आणि ब्रेकही तुटतो. अर्थची स्वतंत्र तार प्लगमधून आलीच पाहिजे.

यानंतर पेटी जुळवून घ्यावयाची. मोकळ्या, सपाट, कोरड्या रस्त्यावर ताशीं ३० ते ४० किलोमीटर वेगानें चालावें, पेडलाला पाय न लावतां पेटीवरची हाताची कळ पूर्ण दाबावी. ट्रेलरचीं चाकें जागच्या जागीं अडकून घसरलीं तर जोर कमी करावा. मागून ओढ जाणवली नाहीं तर वाढवावा. चाकें अडकण्याच्या किंचित् अलीकडे जें माप येईल तें योग्य. मात्र तें त्या दिवसाच्या ओझ्यापुरतें. रिकामा ट्रेलर आणि भरलेला ट्रेलर यांचें माप एक नसतें, आणि पावसांत तर पुन्हां कमी करावें लागतें.

हाताच्या या कळीचा आणखी एक उपयोग घरांतील दुसऱ्या चालकालाही शिकवून ठेवावा. वेगांत ट्रेलर डावीउजवीकडे झुलूं लागला कीं मनुष्य स्वभावतः मोटारीचा ब्रेक दाबतो, आणि झोल वाढतो. अशा वेळीं चाक सरळ धरून, ॲक्सिलरेटर सोडून, केवळ ट्रेलरचा ब्रेक हातानें लावावा. मागची गाडी मागें ओढली जाऊन सरळ होते.

ट्रेलरवर एक लहान बॅटरी आणि मोटारीला बारीक दोरानें बांधलेली एक खुंटी असते. जोडणी तुटून ट्रेलर सुटला कीं खुंटी उपसली जाते आणि त्या बॅटरीच्या बळावर ब्रेक लागतो. ही बॅटरी मेलेली असणें हें फार आढळतें, कारण ती तपासण्याचें कोणाच्या ध्यानांतच येत नाहीं. निघण्यापूर्वीं खुंटी हातानें उपसून ट्रेलर अडतो कीं नाहीं तें पाहावें. कायद्याच्या दृष्टीनें १९८८ च्या मोटार वाहन कायद्यांत ट्रेलर हेंही मोटार वाहनच गणलें आहे. तेव्हां नोंदणीची चौकशी परिवहन कार्यालयांत आधींच करावी, आणि आपली मोटार किती वजन ओढूं शकते तें तिच्या पुस्तिकेंत पाहावें.

एवढें सारें केलें तरी गियर काढून घाट उतरणाऱ्याला कोणताही नियंत्रक तारूं शकत नाहीं. २० नोव्हेंबर २०२२ रोजीं नवले पुलाजवळ कात्रजच्या उतारावरून आलेल्या एका अवजड वाहनानें सुमारे ४८ वाहनांचें नुकसान केलें, हें पुण्यांत कोणी विसरलेलें नाहीं. त्या एका अपघाताची मीमांसा मी करीत नाहीं. परंतु इंधन वांचविण्यासाठीं उतारावर गियर काढण्याची, प्रसंगीं इंजिनच बंद करण्याची खोड आपल्या रस्त्यांवर आहे खरी. इंजिन बंद झालें कीं ब्रेकला मिळणारें साहाय्यही आटत जातें, आणि सारा भार तापलेल्या ड्रमवर पडतो. ज्या गियरमध्यें घाट चढलों असतों, त्याच गियरमध्यें तो उतरावा.

आणि खोपोलीला चहासाठीं थांबाल तेव्हां ट्रेलरभोंवतीं एक फेरी घाला. प्रत्येक चाकाच्या ड्रमजवळ हात न्यावा. लावूं मात्र नये. सारीं चाकें सारखीं ऊन लागलीं तर उत्तम. एखादें अगदीं थंड असेल तर त्याच्या चुंबकाची तार तुटली आहे असें धरून चालावें. एखादें बाकीच्यांहून फार तापलें असेल तर त्याचा शू अडकला आहे. दोन्ही दोष तेथल्या गॅरेजांत दाखवूनच पुढें निघावें.