थोरला भाऊ आत गेला का?



मराठी ख्रिस्ती साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाची ही जागा एकदाच मिळते. ती मी सत्काराला उत्तर देण्यात घालवणार नाही.

आपला इतिहास आपण प्रत्येक संमेलनात ऐकतो. फादर स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६चे. हरी केशवजींनी बनियनचे पुस्तक १८४१ मध्येच 'यात्रिकक्रमण' म्हणून मराठीत आणले. बाबा पदमनजींची 'यमुनापर्यटन' १८५७ची, मराठीतली पहिली कादंबरी. मुलांसाठी १९व्या शतकातच 'बालबोधमेवा' निघत होता. मग आज बारा-चौदा वर्षांच्या मुलाच्या हाती द्यावी, आपल्याच मंडळीतल्या घरात घडावी, अशी एक तरी मराठी कादंबरी बाहेरच्या टेबलांवर आहे का? मी सकाळीच पाहून आलो. स्मरणिका आहेत, संदेशसंग्रह आहेत, गौरवग्रंथ आहेत. इंग्रजी शाळेतली मुले नार्निया वाचतात. बाकीच्यांसाठी काही नाही.

शब्बाथशाळा चालवणाऱ्या भगिनींना मी बोल लावणार नाही. त्या फळा-खडूवर जे करतात त्याला तोड नाही. दोष छापणाऱ्यांचा आहे. आणि काल रात्री जेवताना 'ते प्रकरण काढू नका' असे मला सांगण्यात आले, तेच मी काढणार आहे.

तुम्हांला ते ठाऊक आहे. कुमारांसाठी लिहिलेली माझी गोष्ट एका निवड समितीने परत केली. तिच्यातला मुलगा आजीसाठी प्रार्थना करतो, सगळी मंडळी उपास करते, तरी आजी जाते. मुलगा कित्येक रविवार उपासनेला फिरकत नाही. मग एकदा येतो आणि मागच्या बाकावर बसतो. समितीचे म्हणणे, आजी बरी करा, म्हणजे विश्वास वाढेल.

कुणाचा वाढेल? ज्याच्या घरून शवपेटी निघाली आहे, त्या मुलाला आपल्या पुस्तकांत स्वतःचे घर सापडत नाही. आपल्यासारख्याला इथे जागा नाही, अशी त्याची समजूत होते. मग तो जातो, आणि तरुण मंडळीत का दिसत नाहीत यावर आपण परिसंवाद भरवतो!

समितीने पवित्र शास्त्र उघडावे. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र अंधारात संपते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात बाप बाहेर येऊन थोरल्याची समजूत घालतो, आणि प्रभू तिथेच थांबतो. थोरला आत गेला का? लूकने सांगितलेले नाही. मी शब्बाथशाळेत हा दाखला शिकवीत असे तेव्हा मुले नेमकी याच जागी भांडायला उठत. एक मुलगी ठासून म्हणाली, पुढच्या दाराने नाही, पण सगळे निजल्यावर मागच्या दाराने आला असेल. ती त्या घरात शिरली होती. बोधवाक्य पाठ करून कुणी असे शिरत नाही.

माझ्या आईने आम्हांला लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचून दाखवले. त्यांच्या पतींनी, टिळकांनी, १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई रडल्या, रागावल्या, अडून बसल्या, आणि १९०० मध्ये आपल्या पायांनी चालत आल्या. आई वाचता वाचता डोळ्यांना पदर लावी आणि पुढच्याच पानावर खळखळून हसे. माझ्या विश्वासाचा पाया त्या वाचनाने घातला. हे मी पाळकबंधूंसमोर बोलतो आहे, त्यांना ते कळेल. त्या समितीने मात्र मधली पाच वर्षे कापायला लावली असती.

अध्यक्षपदाच्या निवडणुकीत माझ्या 'शंकेखोर' लेखनाविरुद्ध पत्रके वाटणाऱ्यांना कागदाची कधी टंचाई भासली नाही. मुलांचे पुस्तक म्हटले की कागद महाग होतो!

माझी मागणी अशी. पुढची स्मरणिका काढू नये. तिचे पैसे वसईच्या वाडीतल्या, नगरच्या मिशन कंपाउंडमधल्या, पुण्या-मुंबईच्या चाळीतल्या मुलांच्या कादंबऱ्यांना द्यावेत. हस्तलिखित आधी सातवी-आठवीच्या मुलांनी वाचावे, समितीने नंतर. हा ठराव उद्याच्या खुल्या अधिवेशनात मी स्वतः मांडणार आहे. ज्यांना विरोध करायचा असेल त्यांनी तो याच मंडपात, उभे राहून, नावानिशी करावा.