वही परत गेली पाहिजे

स्वागताध्यक्ष, कार्यकारिणीचे सदस्य, यजमान महाविद्यालयाचे प्राचार्य, आणि आपापली पर्यवेक्षणाची पाळी कोणाच्या तरी गळ्यात घालून इथवर आलेल्या वाणिज्य शाखेच्या प्राध्यापक मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षपदासाठी माझे नाव एकमताने सुचवले गेले, असे मला कळवण्यात आले. एकमत झाले म्हणजे दुसरे कोणी तयार नव्हते, हे संघटनेत इतकी वर्षे काढल्यावर मला समजते. तरीही मनापासून आभार. यजमानांनी व्यवस्था चोख ठेवली आहे आणि पोहे गरम होते. दिवंगत सहकाऱ्यांना आपण सकाळीच आदरांजली वाहिली आहे.

मला विषय दिला आहे ‘ऑनलाइन महाविद्यालयीन अभ्यासक्रम : आढावा आणि दिशा’. आढावा लवकर उरकते, कारण तो स्मरणिकेत छापलेलाच आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांनी मिळून २००३ साली ऑनलाइन अभ्यासक्रम देणारे एनपीटीईएल सुरू केले. २०११ मध्ये सेबॅस्टियन थ्रन आणि पीटर नॉर्विग यांनी स्टॅनफर्डचा कृत्रिम बुद्धिमत्तेचा वर्ग सगळ्या जगाला खुला केला, तेव्हा सुमारे एक लाख साठ हजार जणांनी नावे घातली आणि शेवटपर्यंत टिकले ते वीस-पंचवीस हजार. जुलै २०१७ मध्ये आपल्याकडे ‘स्वयम्’ हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे सरकारी व्यासपीठ आले. त्यावरून एका सत्रातले २० टक्के अभ्यासक्रम घेण्याची मुभा विद्यापीठ अनुदान आयोगाने आधीच दिली होती, २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. मधल्या काळात टाळेबंदी लागली आणि आपण सगळे आठवड्याभरात ऑनलाइन झालो. आढावा संपला.

आता जे बोलायचे आहे ते मी बरीच वर्षे पोटात ठेवले आहे. कार्यकारिणीच्या बैठकीत ते विषयपत्रिकेवर कधी आले नाही, आले तेव्हा ‘वेळेअभावी पुढील बैठकीत’ गेले. आज माइक माझ्याकडे आहे.

ऑनलाइन अभ्यासक्रम करायचा म्हटले की आपण चित्रफीत करायला बसतो. हिरवा पडदा, रिंग लाइट, कॉलरचा माइक. मागे एका कार्यशाळेला गेले होते, तिथे बहुतेक वेळ प्रकाशयोजनेवर गेला. साडी कोणत्या रंगाची नेसू नये यावरही एक तज्ज्ञ बोलले. स्वाध्याय कसा बेतावा, याला शेवटच्या दिवशी चहानंतरची जागा होती आणि तेवढ्यात प्रमाणपत्रवाटप सुरू झाले. माझी तक्रार एवढीच आहे : मुलाने लिहिलेले कोणी वाचत नाही, वाचून त्याला परत कोणी देत नाही, आणि या एका कामाशिवाय बाकी सगळे आपण दर वर्षी जास्त खर्चाने करतो आहोत.

हे काम नवे नाही. इंग्लंडात १८४० साली एका पेनीत पत्र जाऊ लागले, त्या सुमारास आयझॅक पिटमन टपालाने लघुलेखन शिकवू लागला. विद्यार्थी उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचे, तो दुरुस्त करून परत धाडायचा. पुढे ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे पहिले विद्यार्थी जानेवारी १९७१ मध्ये शिकू लागले. जगाच्या लक्षात बीबीसीवरचे त्यांचे कार्यक्रम राहिले. पण तिथे घरबसल्या शिकणाऱ्याचा स्वाध्याय एक शिक्षक वाचत असे, समासात लिहीत असे, आणि त्या शिक्षकाने काय शेरे मारले हेही वरिष्ठ तपासत असत. आपण त्यातले काय उचलले? बीबीसी! १५ ऑगस्ट १९८४ पासून आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर दुपारी लागू लागला. कार्यक्रम चांगले असत, काही तर फारच चांगले. पाहून झाल्यावर मुलाने काय लिहायचे आणि कोणाला दाखवायचे, हे मात्र कोणी ठरवले नव्हते. आजही पडदा बदलला आहे, एवढेच.

सकाळच्या सत्रात दोन वाद रंगले. पहिला कॅमेऱ्याचा. मुलांनी तासाला कॅमेरा सुरू ठेवलाच पाहिजे, नाहीतर शिकवणे भिंतीशी बोलण्यासारखे होते, असे आपल्या कोल्हापूरच्या सहकाऱ्यांचे म्हणणे. टाळेबंदीत माझ्या प्रथम वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. कॅमेरा कायम सुरू, मान डोलावणे कायम सुरू. कोणीही म्हणाले असते, हिला सगळे समजते आहे. मी मुलांना किर्दीच्या नोंदी वहीत लिहून फोटो पाठवायला सांगितले होते. तिचे पान आले. व्यवहार होता : मालकाने घरखर्चासाठी दुकानातला माल नेला. आपल्याला ठाऊक आहे, उचल खाते नावे, खरेदी खाते जमा. हिने उचल खाते बरोबर नावे टाकले आणि जमेला विक्री खाते लिहिले. बहुपर्यायी प्रश्न असता तर लाल फुली पडून विषय संपला असता. पण नोंदीखाली स्पष्टीकरण लिहायचे असते ना, तिथे कंसात तिने लिहिले होते, ‘घरी माल विकल्याबद्दल’.

मी फोन केला. वडिलांचे किराणा दुकान. आई दुकानातून साखर नेते तेव्हा वडील तिच्या नावावर मांडून ठेवतात, दुकानाच्याच भावाने. मग विक्री नाही तर काय? पोरीचे तर्कशास्त्र चोख होते. व्यवसाय आणि मालक हे वेगळे, हे मी पहिल्या तासाला शिकवलेले तिने पाठही केले होते. पण ते तिच्या घरातल्या साखरेपर्यंत पोचले नव्हते. साखर ज्या भावाने घाऊक आणली त्याच भावाने ती घरात गेली पाहिजे, घराकडून दुकानाने नफा कमावला असे होत नाही, हे तिला फोनवर समजायला फार वेळ लागला नाही. त्या आठवड्यात आणखी काही पानांवर तीच चूक सापडली, सगळी दुकानदारांची मुले.

त्याच वर्गात सांगलीच्या मार्केट यार्डात हमालीला जाणारा एक मुलगा होता. त्याचा कॅमेरा सत्रभर उघडला नाही. रात्री दहानंतर वहीचे फोटो यायचे, पिवळ्या बल्बखाली काढलेले, अर्धे पान सावलीत. नोंदी बिनचूक. चुकल्या तर दुसऱ्या दिवशी खोडून पुन्हा आलेल्या. कॅमेऱ्याच्या वादावर मला एवढेच म्हणायचे आहे.

दुसरा वाद चित्रफितीच्या लांबीचा. सहा मिनिटांच्या वर जाऊ नये, असे आपण सगळे म्हणतो. तो आकडा २०१४ च्या एका अभ्यासातला. एडएक्स या ऑनलाइन व्यासपीठावरच्या चार अभ्यासक्रमांतल्या चित्रफिती पाहण्याची ६९ लाख सत्रे अभ्यासकांनी तपासली. पण त्यात मोजले काय, तर माणूस किती वेळ बघत राहतो आणि त्यानंतर प्रश्न सोडवायला जातो का. सोडवलेला प्रश्न बरोबर आला का, समजले का, हे त्यातून निघत नाही. माझ्या अनुभवाने सांगते, मुलांनी सर्वांत जास्त वेळा उघडलेली माझी फीत वीसेक मिनिटांची आहे. आवाज खरखरीत, मागे कुकरच्या शिट्ट्या. ती मी वह्या वाचून झाल्यावर केली होती आणि तिच्यात फक्त त्यांच्याच चुका आहेत. आपली चूक बाई काढतात की शेजाऱ्याची, हे बघायला पोरे शेवटपर्यंत थांबतात.

म्हणून माझा क्रम उलटा आहे. आधी आठवड्याचा स्वाध्याय लिहावा, मुले कुठे अडखळतील ते मांडावे, मग वाचायची चार पाने, आणि बोलून सांगण्याशिवाय गत्यंतर नसेल तिथेच ध्वनिमुद्रण. ‘स्वयम्’च्या रचनेत तरी काय आहे? चित्रफीत, वाचनसाहित्य, स्वयंमूल्यमापन आणि चर्चा असे चार विभाग. एनपीटीईएलमध्ये बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात बारांपैकी उत्तम आठ स्वाध्यायांचे २५ टक्के आणि परीक्षेचे ७५ टक्के धरतात. हजारो मुलांसाठी बहुतेक स्वाध्याय यंत्राने तपासावे लागतात, त्यांना दुसरा मार्ग नाही, आणि त्यांनी ते नेटाने चालवले आहे. प्रश्न आपला आहे. क्रेडिट आपण आपल्या गुणपत्रिकेवर चढवतो, मग त्या मुलाच्या हातचे एक पान तरी आपल्या महाविद्यालयात कोणी वाचायचे की नाही?

इथे लगेच हात वर होतील : मॅडम, वर्गात १२० मुले. बरोबर. एका पानाला चार मिनिटे धरली तर आठ तास. कोणी करू शकणार नाही, मीही करत नाही. आठवड्याला तीस पाने वाचते, दोन तास लागतात. चार आठवड्यांत प्रत्येकाची पाळी येते आणि कोणाचे पान कधी वाचले जाईल हे आधी सांगत नाही. तीस पानांतल्या चुका एका कागदावर नावे न घालता मांडून सगळ्या वर्गाला पाठवते. पान आठवड्याच्या आत परत गेलेच पाहिजे. उशिरा गेलेला शेरा म्हणजे पावसाळा संपल्यावर शाकारलेले घर.

आणि ते नवे दुखणे, चॅटजीपीटी. आता गृहपाठ द्यायचाच कशाला, यंत्रच लिहून देते, असे अलीकडे सगळ्या कर्मचारी कक्षांत ऐकू येते. यंत्र लिहिते, माझ्यापेक्षा नीटनेटके लिहिते. मी मुलांना पुस्तकातली उदाहरणे देणे बंद केले. ओळखीच्या एका दुकानातल्या, डेअरीतल्या, पिठाच्या गिरणीतल्या एका दिवसाच्या नोंदी आणा म्हणते, आणि पाळी आली की दोन मिनिटे फोनवर विचारते, ही नोंद इथे का? नक्कल करणारे सापडतात. सगळे सापडतात असा माझा दावा नाही. पण न वाचणाऱ्याला तर एकही सापडत नाही.

हे वाचून परत देणे मी शिकले आपल्याकडच्या मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर, रविवारी समंत्रक म्हणून जात असे तेव्हा. आजच्या तरुण सहकाऱ्यांना ते वातावरण सांगून कळणार नाही. नोकरी करणारी, संसार असलेली माणसे, हातात पुस्तिका आणि स्वाध्यायाचे कागद. त्यांत एक एसटीचे वाहक होते. मी समासात शेरा लिहावा, त्यांनी पुढच्या वहीत त्याखाली उत्तर लिहून आणावे. एकदा त्यांनी लिहिले, ‘मुक्कामी गाडी असली की तिकिटांची रोकड रात्रभर माझ्या पिशवीत असते. डेपोच्या वहीत ती रोकड कशी दिसेल? आणि माझ्या हिशेबात ती माझी मालमत्ता की देणे?’ त्या एका ओळीवर आमचे लिहिणे सत्र संपेपर्यंत चालले, मार्गस्थ रोकड, विश्वस्ताची जबाबदारी, वे-बिल कधी मिटते, सगळे त्यात आले. इतका चांगला प्रश्न मला पदव्युत्तर वर्गात कोणी विचारला नाही. ती वही त्यांच्याकडे असेल, मी परत केली होती.

आता ‘दिशा’. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत चारही विभागांसह चार क्रेडिटचा ऑनलाइन अभ्यासक्रम तयार केल्यास पदोन्नतीसाठी २० गुण आहेत. वाचून परत दिलेल्या वह्यांना त्या तक्त्यात रकाना नाही. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास शिकवायचे असते. त्यांतले दोन तास ऑनलाइन वर्गाच्या लेखी कामाच्या वाचनाला धरावेत, अशी माझी मागणी आहे. त्यासाठी एक समिती नेमावी. समितीत कोण, पाने जपायची कुठे, खर्चाचे काय, हे कार्यकारिणीने बघावे. वाणिज्याच्या नेहमीच्या चुकांचा एक मराठी संग्रह परिषदेने काढावा असेही मनात आहे, त्यावर नंतर बोलू.

दुपारच्या खुल्या अधिवेशनात तिसरा ठराव येणार आहे, प्रत्येक महाविद्यालयात ध्वनिचित्रमुद्रण कक्ष असावा असा. कक्षाला माझी हरकत नाही. पण त्यात ‘आणि वाचनाचे दोन तास कार्यभारात धरावेत’ हे शब्द घातल्याशिवाय मी त्यावर सही करणार नाही. अध्यक्षाने दुरुस्ती मांडण्याची आपल्याकडे प्रथा नाही, असे सरचिटणीस मघापासून चिठ्ठीवर लिहून कळवत आहेत. पाच मिनिटे खुर्ची उपाध्यक्षांकडे देऊन मी खाली तुमच्यात येऊन बसेन आणि तिथून मांडेन. अनुमोदनाला कोणीतरी तयार राहा.