दान कोणाचे, धनीपण कोणाचे?

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



ससून म्हटले की पुणेकराला रुग्णालय आठवते आणि मुंबईकराला गोदी. या नावामागच्या दानाची, आणि त्या दानाशेजारी उभ्या राहिलेल्या एका लहानशा मराठी समाजाच्या स्वावलंबनाची, हकिकत आज मी आपल्यापुढे मांडणार आहे. आपल्यातील अनेकजण शिक्षणसंस्था चालवतात, देणग्यांसाठी वणवण करतात. त्यांना ती उपयोगी पडावी.

डेव्हिड ससून हे बगदादचे यहुदी व्यापारी. १८३० नंतरच्या काही वर्षांत ते मुंबईत स्थिरावले. १८६४ मध्ये पुण्यात त्यांचे देहावसान झाले. भायखळ्याचे मागेन डेव्हिड, पुण्याचे ओहेल डेव्हिड ही प्रार्थनामंदिरे त्यांच्या दानातून झाली. त्यांचे नातू जेकब यांनी १८८४ मध्ये कोटात केनेसेथ इलियाहू उभारले. भायखळ्याची जेकब ससून यांच्या नावाची शाळा, धर्मादाय विश्वस्तनिधी, मुंबईच्या विज्ञानसंस्थेला दहा लाख रुपये, ही यादी मोठी आहे. ती खोटी नाही आणि क्षुल्लकही नाही.

परंतु अर्थशास्त्राचा विद्यार्थी दानपेटीपाशी थांबत नाही, तो पेटीत पैसा आला कोठून हे विचारतो. ससून घराण्याची आरंभीची मोठी कमाई माळव्याच्या अफूची चीनमध्ये विक्री करण्यातून झाली. पुढे कापड गिरण्यांतून. त्या काळी गिरणीकामगाराच्या दिवसाला सीमा नव्हती. १९११ च्या कायद्याने पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला, तेव्हा ती मोठी सुधारणा मानली गेली. शाळेच्या भिंतीवर नाव देणाऱ्याचे कोरले जाते; ज्यांच्या घामातून शिल्लक निघाली त्यांची नावे कोणत्याही शिलेवर नसतात. हा ससूनांवरचा व्यक्तिगत आरोप नव्हे. दान ही वाटणीच्या अन्यायावरची दुरुस्ती असते, पण दुरुस्ती किती आणि कोठे करावयाची हे ठरवण्याचा अधिकार पुन्हा त्याच हाती राहतो, हे त्यातील मर्म आहे.

आता दुसरी बाजू पाहू. कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावर तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून 'शनवार तेली' म्हटले गेलेले बेने इस्रायल हे आपलेच मराठी बोलणारे लोक. केहीम, नवगाव, रेवदंडा ही गावे त्यांच्या आडनावांत आजही ऐकू येतात. मुकादम, चौगुला, काजी हे त्यांच्या जमातीच्या कारभाऱ्यांचे शब्द. १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांना शाळा दिल्या. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये हिब्रू व्याकरण मराठीत छापले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मांतराचा होता. बेने इस्रायलांनी विद्या घेतली आणि धर्म बहुतांशी आपलाच राखला. १८८० मध्ये तर त्यांनी आपल्या पुराणपुरुषांची आख्याने मराठी कीर्तनांत आणली. त्यासाठी कोणा धनिकाची परवानगी लागली नाही.

हाईम सॅम्युएल केहीमकर आणि त्यांच्या सोबत्यांनी १८५३ मध्ये परोपकारी मंडळी काढली आणि १८७५ मध्ये स्वतःची शाळा सुरू केली. वर्गणीवर शाळा निघते, परंतु टिकत नाही. कारण इमारत एकदाच बांधावी लागते, शिक्षकाचा पगार मात्र दर महिन्याला द्यावा लागतो. देणगीदाराला इमारत प्रिय असते, संस्थेला पगार छळतो. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साह्य येथे उपयोगी पडले. पुढे ससूनांच्याच पेढीत उमेदवारी करून हाँगकाँग-शांघायमध्ये धनाढ्य झालेले सर एली कदुरी यांच्या देणगीमुळे शाळेला त्यांचे नाव मिळाले. केहीमकरांचे नाव मागे पडले. मात्र शाळेला शाळापण दिले ते १९२२ पासून सुमारे तीन दशके मुख्याध्यापिका राहिलेल्या रिबेका रूबेन यांच्यासारख्यांनी.

एकाच धर्माचे म्हणून देणारा आणि घेणारा समान होतात काय? १८३६ मध्ये मुंबईच्या बगदादी पुढाऱ्यांनी, त्यांत डेव्हिड ससूनही होते, दफनभूमीत बेने इस्रायलांपासून वेगळी भिंत मागितली. रंगूनमध्ये तर प्रार्थनामंदिराच्या विश्वस्तनिवडीत मत देण्याचा हक्क मिळावा म्हणून १९३० च्या दशकात बेने इस्रायलांना न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि निकाल त्यांच्या बाजूने लागला. मला ही घटना दहा लाखांच्या देणगीपेक्षा मोठी वाटते. प्रार्थनेला जागा मिळणे ही कृपा झाली. कारभारात मत मिळणे हा हक्क झाला.

१९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात यहुदी पाच हजारांच्याही आत उरले होते. शाळा मात्र राहिल्या. ज्यांच्यासाठी त्या निघाल्या ती मुले समुद्रापार गेली आणि बाकांवर मुंबईच्या कष्टकरी वस्तीतील हिंदू, मुसलमान मुले बसली. भायखळ्याच्या ससून शाळेत तर बहुसंख्य मुले मुसलमान आहेत. जगात यहुदी आणि मुसलमान यांच्या वैराच्या वार्ता आपण रोज वाचतो. येथे यहुदी नावाच्या पाटीखाली मुसलमान मूल बाराखडी गिरवते. देणाऱ्याने योजिले नव्हते असे हे फळ आहे, आणि दानाचे याहून चांगले फळ मला दिसत नाही.

तेव्हा देणगी नाकारा, असे मी सांगत नाही. नाकारण्याची ऐपत आपल्याला नाही. परंतु घेताना तीन प्रश्न विचारा. पैसा कोणाच्या श्रमाचा आहे? वार्षिक खर्चाची तरतूद आहे की केवळ नावाची पाटी? आणि कारभारात शिक्षकाला, पालकाला मत आहे काय? कर्मवीर भाऊरावांच्या रयत संस्थेने घरोघरची मूठभर धान्ये गोळा केली, त्या मुष्टिफंडाचे मोल धान्याच्या भावाने ठरत नव्हते. मूठ देणारा प्रत्येकजण संस्थेचा धनी होत होता. केहीमकरांच्या मंडळीचे मोलही तेच होते.

शिक्षण ही समाजाची जबाबदारी आहे; ती धनिकाच्या औदार्यावर सोपवणे म्हणजे शासनाने आपले कर्तव्य टाळणे होय. ते कर्तव्य शासनाकडून करवून घेईपर्यंत वर्गणीची पावती आणि मताचा हक्क ही दोन्ही एकाच हाती राहतील, एवढे तरी आपण आपापल्या संस्थांत पाहावे.