न्यू ऑर्लिन्सचे श्रमदान
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



‘ज्ञातिबांधवांच्या साहाय्यार्थ’ मंडळाने एक स्वयंसेवक-पथक उभारावे, अशी सूचना तरुण सभासदांनी आणली आहे. तिजवर चर्चा होण्यापूर्वी अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स नगराचा वृत्तान्त आपणांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते. तेथे परगावची सामान्य माणसे वर्षानुवर्षे येऊन राबली. त्यांतून काय साधले आणि काय फसले, हे आता पुरते दिसून आले आहे.

या नगराची ठेवण परातीसारखी आहे. दक्षिणेस मिसिसिपी नदी, उत्तरेस मोठे सरोवर आणि मधली बरीचशी वस्ती समुद्रसपाटीखाली. पावसाचे पाणीदेखील पंपांनी उपसून काढावे लागते. २९ ऑगस्ट २००५ रोजी कॅटरिना नामक चक्रीवादळ तेथे येऊन धडकले, कालव्यांच्या संरक्षक भिंती फुटल्या आणि नगराचा सुमारे ८० टक्के भाग जलमय झाला. दोष एकट्या निसर्गाचा नव्हता. भिंतींच्या रचनेतच उणिवा होत्या, हे त्या बांधणाऱ्या लष्करी अभियंता-दलाने २००६ मध्ये मान्य केले.

पाणी ओसरल्यावर जे काम निघाले, ते छायाचित्रात शोभण्याजोगे मुळीच नव्हते. तिकडील घरे बहुधा लाकडी सांगाड्याची. आतून जिप्समचे तक्ते ठोकलेले. ते भिजून फुगले, त्यांवर काळी बुरशी चढली. तोंडाला मुखवटा व हातांत मोजे चढवून ते तक्ते उचकटावयाचे, जमीन उखडावयाची, घर नुसत्या सांगाड्यापर्यंत आणावयाचे आणि सांगाडा सुकू द्यावयाचा. कित्येक आठवडे वीज नसल्याने फ्रिजमधले अन्न सडलेले. म्हणून तो उघडावयाचा नाही, चिकटपट्टीने बांधून तसाच रस्त्यावर नेऊन ठेवावयाचा. महाविद्यालयीन विद्यार्थी सुटीतील मौज सोडून या कामासाठी आले, हे आम्हांस विशेष वाटते. मात्र घरातून निघणारा कचरा हा कोणाचा तरी संसार असतो. एखादे ओले छायाचित्र टाकावे की ठेवावे, हे ठरविण्याचा अधिकार पाहुण्याचा नव्हे, गृहिणीचा.

वॉशिंग्टनहून आलेल्या झॅक रोझेनबर्ग व लिझ मॅकार्टनी या दोघांनी काही आठवडे श्रमदान केले, आणि मग तेथेच राहण्याचे ठरवून २००६ मध्ये शेजारच्या सेंट बर्नार्ड भागात गृहदुरुस्तीची संस्था काढली. आरंभीचा उत्साह ओसरल्यावरही जो थांबतो, त्याचीच खरी गरज असते.

उलट उदाहरणही आहे. ब्रॅड पिट या नटाने २००७ मध्ये लोअर नाइन्थ वॉर्ड या उद्ध्वस्त वस्तीत १५० घरे बांधण्याचा संकल्प सोडला. नामांकित वास्तुशास्त्रज्ञांनी आराखडे दिले. १०९ घरे उभी राहिली. हेतू निर्मळ होता याविषयी आम्हांस शंका नाही. पण इतक्या पावसाच्या प्रदेशात काही घरांना सपाट छपरे! गळती लागली, लाकूड कुजले, आणि २०१८ मध्ये रहिवाशांना न्यायालयात जावे लागले. गावच्या एखाद्या म्हाताऱ्या सुताराने पागोळ्यांचा विचार आधी केला असता.

आता ज्या गोष्टीसाठी आम्ही उभे राहिलो तिकडे वळतो. न्यू ऑर्लिन्स हे जाझ संगीताचे माहेरघर. तेथील बेघर झालेल्या वादकांसाठी हॅरी कॉनिक व ब्रॅनफर्ड मार्सालिस या कलावंतांनी, ‘हॅबिटॅट फॉर ह्युमॅनिटी’ या संस्थेच्या साहाय्याने, ७२ घरांची एक वसाहत उभारविली. नाव वादकांचे, कळकळ वादकांची. तरी दार वादकांपुरते ठेवले नाही. जो घर मागेल त्याने कर्ज फेडले पाहिजे आणि स्वयंसेवकांच्या बरोबरीने स्वतः शेकडो तास राबले पाहिजे, ही अट वादकास व इतरेजनांस सारखीच होती. मिळणारा माणूस याचक न राहता सहकारी झाला, आणि वादकाच्या शेजारी वादक नसलेलाही नांदू लागला. २०११ मध्ये त्याच वसाहतीत मुलांसाठी संगीतकेंद्रही उघडले.

आपल्या माणसांची कळकळ आपणांस प्रथम वाटावी, हे स्वाभाविक आहे. ती नसती तर हे मंडळच नसते. परंतु पुराचे पाणी घरात शिरताना आडनाव विचारीत नाही, आणि चिखल काढावयास गेलेल्या आपल्या मुलाने ते दारात उभे राहून विचारावे, हे आम्हांस रुचत नाही. यास्तव मूळ सूचनेतील ‘ज्ञातिबांधवांच्या साहाय्यार्थ’ या शब्दांऐवजी ‘आपद्ग्रस्तांच्या साहाय्यार्थ’ असे शब्द घालावेत, अशी उपसूचना आम्ही मांडीत आहोत. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्यांनी आपली नावे कार्यवाहांकडे द्यावीत.