बाटलीवरचे वय



कामगार संघटनेचा माणूस, आणि बोलणार कशावर, तर स्कॉटलंडच्या जुन्या व्हिस्कीच्या चवीवर! पुढच्या रांगेतली चुळबूळ मला दिसते आहे. एका स्नेह्याच्या घरी अठरा वर्षांच्या सिंगल मॉल्टचे दोन घोट मी घेतले आहेत, तेही रीतसर परवाना काढून. तेवढ्या भांडवलावर बोलतो.

सिंगल मॉल्ट म्हणजे एकाच भट्टीत, केवळ मोड आणलेल्या सातूपासून काढलेली. पेला तळाशी फुगीर, तोंडाशी निमुळता हवा. आधी नाकाने घ्यायची; मग लहान घोट जिभेवर घोळवायचा. चार थेंब पाणी घातले की वास मोकळा होतो. मनुका, मध, जुन्या कपाटाचे लाकूड असे एकामागून एक काही आठवू लागते. रंगावर मात्र भुलू नये. जळक्या साखरेचा रंग मिसळायला तिकडचा कायदाच मुभा देतो.

ताजी गाळलेली दारू पाण्यासारखी नितळ असते. ती ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरावी लागते, आणि बाटलीवर वय छापले तर ते आतल्या सर्वांत कोवळ्या दारूचे. दरवर्षी सुमारे दोन टक्के दारू पिंपातून उडून जाते. तिला तिकडे ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. म्हणजे अठरा वर्षांत शंभर लिटरांतले तीसेक लिटर गेले! गोव्यात कुंकळ्ळीला पॉल जॉनची भट्टी आहे. तिचे सिंगल मॉल्ट 2012 साली बाजारात आले. तिथल्या उकाड्यात ही घट वर्षाला आठ टक्क्यांच्या आसपास जाते, पण दारू मुरतेही लवकर. आपल्या जळगावच्या मे महिन्यात पिंप ठेवले तर देवदूतांची चंगळच!

आता माझ्या धंद्याची गोष्ट. भट्टीतून येणारी पहिली आणि शेवटची धार बाजूला काढून मधली तेवढी पिंपात भरतात. ती कुठे तोडायची हे भट्टीवरचा कामगार ठरवतो. पण धार वाहायची काचेच्या पेटीतून, आणि पेटीला कुलूप पूर्वी अबकारी अधिकाऱ्याचे! जो पारखायचा त्याला चाखायची मनाई. अनेक भट्ट्यांत कामगारांना रोज एक पेला मिळे, तोही पुष्कळदा न मुरलेल्या कोऱ्या दारूचा.

आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून मिरवतात, ती मोहाची. तीही आंबवून, गाळूनच काढलेली. ती कधी मुरत का नाही? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यापासून सातपुड्यातल्या माणसाने घरी गाळणे हा गुन्हा झाला. ज्याच्या दारात शिपाई उभा, तो अठरा वर्षे कशी थांबेल? ज्याला संध्याकाळचे पीठ आजच्या मजुरीतून आणायचे, त्यालाही थांबता येत नाही. वाट पाहण्याला भांडवल लागते, निर्धास्तपणा लागतो.

म्हणून मोहाची बाजू घ्यावी, तर तेही जमत नाही. 1972-73 च्या सुमारास शहाद्याकडे, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यात, श्रमिक संघटनेच्या आदिवासी बायकांनी गावोगाव दारूची मडकी फोडली. ती दारू कशी लागते हे त्यांना कोणी विचारले नव्हते. नवऱ्याच्या मजुरीतले घरी किती येते, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.