विजेची वाट कोणीं आंखावी?

घरांतलें बटण दाबलें कीं दिवा लागतो. त्या दिव्यापर्यंत वीज कोणत्या वाटेनें आली, हा प्रश्न शहरांतील मनुष्यास सहसा पडत नाहीं. परंतु ती वाट बहुधा कोणाच्या तरी शेतांतून गेलेली असते, आणि ती आंखण्याचें काम केवळ इंजिनियराच्या पट्टीनें पुरें होत नाहीं. अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत घडलेल्या एका प्रकरणावरून ही गोष्ट फार स्पष्टपणें कळून येते.

तेथील ग्रामीण वीज सहकारी संस्था अन्यायांतून जन्मास आल्या. १९३५ च्या सुमारास अमेरिकेंत शहरांतील दहांपैकीं नऊ घरांत वीज होती. शेतावरील दहा घरांपैकीं जेमतेम एकांत. मैलभर तार ओढून दोनतीन गिऱ्हाइकें मिळावयाचीं, त्यांत नफा कसला, असा खाजगी कंपन्यांचा हिशेब होता. त्या वर्षाच्या मे महिन्यांत अध्यक्ष रूझवेल्ट यांनीं ग्रामीण विद्युतीकरणाचें स्वतंत्र खातें काढलें, आणि १९३६ सालीं त्यास कायद्याचा आधार मिळाला. सरकारनें अल्प व्याजानें कर्ज द्यावें व शेतकऱ्यांनीं संस्था काढून तारा ओढाव्या, अशी ती व्यवस्था होती. महाराष्ट्रांतील सहकारी साखर कारखान्याचा सभासद जसा ऊंस घालणाराहि असतो आणि मालकहि असतो, तसाच तेथील शेतकरी एकाच वेळीं गिऱ्हाईक व मालक झाला.

पुढें १९७० नंतर मिनेसोटांतील अशा अनेक लहान संस्थांना वीज पुरविणाऱ्या दोन मोठ्या सहकारी संस्थांपुढें नव्या विजेचा प्रश्न उभा राहिला. युनायटेड पॉवर असोसिएशन व कोऑपरेटिव्ह पॉवर असोसिएशन हीं त्यांचीं नांवें. अमेरिकेंत विजेची मागणी तोंवर सरासरीनें दर दहा वर्षांनीं दुप्पट होत आली होती. शेजारच्या नॉर्थ डाकोटा राज्यांत लिग्नाइट नांवाचा हलका कोळसा विपुल आहे. पण त्याच्या वजनाचा तिसऱ्या हिश्श्याहून अधिक भाग पाणीच असतें. तो आगगाडीनें शेंकडों मैल नेणें म्हणजे भाडें भरून पाणी हलविणें होय. तेव्हां वीजघर खाणीपाशींच बांधावें व कोळशाऐवजीं वीजच पाठवावी, असें ठरलें. अंडरवुड गांवाजवळ सुमारें अकराशें मेगावॉट शक्तीचें कोल क्रीक वीजघर, आणि तेथून मिनीॲपोलिस शहराच्या पश्चिमेकडील डिकिन्सन केंद्रापर्यंत सुमारें ४३६ मैल लांबीची, चार लक्ष व्होल्ट दाबाची वाहिनी, अशी ही योजना होती.

अंतर एवढें मोठें असल्यामुळें प्रवाहहि निराळा निवडावा लागला. नेहमींचा ए. सी. प्रवाह क्षणोक्षणीं दिशा पालटतो. त्यास तीन तारा लागतात. एकाच दिशेनें वाहणाऱ्या डी. सी. प्रवाहास दोन तारा पुरतात, आणि लांब पल्ल्यांत त्याची गळतीहि कमी. मात्र दोन्ही टोकांस प्रवाहाचें रूपांतर करणारीं खर्चिक केंद्रें बांधावीं लागतात. म्हणून ही पद्धति थोड्या अंतरास परवडत नाहीं, चारपांचशें मैलांस परवडते. यांतून एक गोष्ट निघते. असें केंद्र बांधल्याखेरीज वाटेंतील कोणत्याहि गांवास त्या तारेंतून वीज काढून घेतां येत नाहीं. ज्याच्या शेतांतून ती जाते, त्याच्या केवळ डोक्यावरून ती जाते.

एवढ्यापर्यंत गणित बरोबर होतें. अडचण आली ती वाट ठरवितांना. १९७३ च्या कायद्यानें मिनेसोटांत अशा वाहिनीसाठीं आधीं एक रुंद पट्टा व मग त्यांतील नेमकी वाट ठरविण्याची रीत घालून दिली होती. नकाशावरून उद्यानें, वन्य पशुपक्ष्यांचीं राखीव स्थानें, विमानतळ हीं वगळीत गेलें कीं जी जागा कोरी उरते ती बहुधा शेताची असते. पाणथळींतल्या बदकांना जें संरक्षण मिळालें तें आमच्या काळ्या जमिनीला कां नाहीं, अशी शेतकऱ्यांची तक्रार होती. त्या मुलखांत कित्येक शेतांत मध्यभागीं खिळलेला व चाकांवर फिरणारा लांब नळ वर्तुळाकार पाणी शिंपतो. त्या वर्तुळांत सुमारें दीडशें फूट उंचीचा एक मनोरा आला कीं नळ अडतो. भरपाई मनोऱ्याखालच्या जागेची मिळते. अडलेल्या नळाचा तोटा पिढ्यान्‌पिढ्या सोसावा लागतो.

१९७६ मध्यें मोजणीदार आले तेव्हां शेतकऱ्यांनीं त्यांना अडविलें. १९७७ सालीं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयानें वाट कायम केली. १९७८ च्या जानेवारींत गव्हर्नर रूडी पर्पिच यांनीं दोनशेंहून अधिक पोलीस पाठविले, आणि शेतकऱ्यांसाठीं निघालेल्या संस्थांची तार शेतकऱ्यांच्याच मुलखांत पहाऱ्याखालीं उभी राहूं लागली. त्याच वर्षाच्या ऑगस्टांत पहिला मनोरा कोणींतरी पाडला. पुढें डझनाहून अधिक मनोरे पडले, हजारों इन्सुलेटर बंदुकीच्या गोळ्यांनीं फुटले. तरीहि १९७९ सालीं वाहिनी चालू झाली.

योजना करणारे लोक दुष्ट नव्हते. वीज हवी होती, ती कोठून तरी आणावयाची होती, आणि कोणतीहि वाट धरली तरी कोणाचें तरी शेत आड आलेंच असतें. चुकला तो क्रम. वीजघर कोठें, तार किती दाबाची, टोक कोठें, हें सर्व ठरून गेल्यावर शेतकऱ्यापुढें एकच प्रश्न उरला: तुझ्या शेतांतून कीं शेजाऱ्याच्या? मालकास असा प्रश्न विचारणें म्हणजे त्याला मालक न मानणें. या झगड्यांतून १९७७ सालीं एक चांगला कायदा मात्र निघाला. दोन लक्ष व्होल्ट वा त्याहून अधिक दाबाची तार शेतांतून न्यावयाची असेल, तर शेतकऱ्यानें मागणी करतांच केवळ पट्टा नव्हे, सलग असलेली सारी जमीन विकत घेणें संस्थेस भाग पडूं लागलें.

त्या दोन संस्था १९९९ सालीं एक झाल्या. २०२२ सालीं त्या एकत्रित संस्थेनें वीजघर व वाहिनी हीं दोन्हीं खाजगी मालकांस विकून टाकलीं. ज्या सहकाराच्या नांवानें वाट मागितली गेली होती, त्याचें त्या तारेशीं असलेलें मालकीचें नातें संपलें; मनोरे मात्र शेतांत उभेच आहेत. तार आंखणाऱ्यानें पट्टी हातीं घेण्यापूर्वीं एवढें लक्षांत ठेविलें तरी पुरे. संस्था बदलतात, मालक बदलतात. पण शेत तेथेंच राहतें, आणि त्यास विचारण्याची वेळ नकाशा कोरा असतो तेव्हांचीच.